बैलजोडी जमवतो तशी ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडी जमवा



या पानावर आम्ही आजवर बेणे, लागणीचे अंतर, खोडवा, पाचट कुजविणे अशा विषयांवर लिहीत आलो आहोत. कृषी पदविका घेतलेल्या माणसाने यंत्राविषयी लिहावे हा थोडा आगाऊपणाच. परंतु ऊस शेतात कितीही चांगला आला तरी तो गव्हाणीत पडेपर्यंत आपला नाही. फडापासून गव्हाणीपर्यंतच्या वाटेवर आपले लक्ष टनाकडे आणि खेपांकडे असते. ज्या दांडीवर आणि ज्या पिनेवर तो टन लटकलेला असतो, तिकडे कोणाचेच नसते. म्हणून बॉयलर पेटण्याआधी, वाहतुकीचे करार चालू असतानाच, हा विषय मांडत आहोत.

आमच्या सहीची गोष्ट

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट आहे. जानेवारीचा महिना, रात्रीची वेळ. आपल्याच एका सभासदाचा ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडे निघाला होता. ट्रॅक्टर लहान, ट्रॉल्या मोठ्या. चालवायला सभासदाचा तेवीस वर्षांचा मुलगा. आपल्या भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आणि त्याच्या चाऱ्यांवर ठिकठिकाणी पूल आहेत. सपाट काळ्या रानातून आलेला रस्ता एकदम वर चढतो आणि तसाच खाली उतरतो. असाच एक पूल होता.

अर्ध्या चढावर पुढची चाके जमिनीपासून सुटली. स्टेअरिंग फिरवून उपयोग होईना. इंजिन बंद पडले. मुलाने दोन्ही ब्रेक दाबून धरले, पण ट्रॉल्यांनी ट्रॅक्टरला मागे खेचायला सुरुवात केली. मागची ट्रॉली आडवी फिरली, पुढची तिच्यावर चढली आणि सगळे भरावाखाली गेले. मडगार्डवर बसलेल्या दोन मजुरांनी वेळेवर उड्या टाकल्या. मुलगा अडकला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्या ट्रॅक्टरच्या करारावर शिफारशीची सही आमची होती. त्या वर्षी ऊस भरपूर, वाहने कमी. आम्ही कागद पाहिले, ट्रॉल्या दोन आहेत हे पाहिले, आणि सही केली. ट्रॅक्टर केवढा, ट्रॉली केवढी, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. पुढे दवाखान्यात मुलाच्या वडिलांना भेटायला गेलो. ते रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, ओढतंय का ते तुमी बी बगितलं, आमी बी बगितलं. थांबतंय का ते कुणीच न्हाई बगितलं."

आज तो मुलगा गावात पिठाची गिरणी चालवतो. आम्ही मात्र त्यानंतर हा हिशोब शिकायला बसलो. वर्कशॉपच्या फोरमनकडून, काट्यावरच्या मंडळींकडून आणि जुन्या गाडीवानांकडून जे शिकलो, ते पुढे देत आहोत.

उलाळ आणि धुरजड

आपल्यापैकी ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना निम्मा विषय आधीच ठाऊक आहे. गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि त्यांचे पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत. माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते. सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते आणि चालता चालता बैल गुडघे टेकतो. म्हणून शहाणा गाडीवान भरताना मधूनमधून जू हाताने उचलून बघायचा. हाताला थोडे जड लागले पाहिजे, फार नाही.

दोन चाकी ट्रॉलीचे गणित हेच आहे. फरक इतकाच, की बैल मान झाडून सांगतो, ट्रॅक्टर सांगत नाही.

ट्रॉली उलाळ भरली की तिची दांडी ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलू पाहते. मागच्या चाकांची पकड जाते आणि वेग घेतला की ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी मारू लागते. ट्रॉली धुरजड भरली की दांडी ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला दाबते आणि तेवढीच पुढची चाके हलकी होतात. चढावर माल मागे झुकतो, उतारावर पुढे. म्हणजे सपाटीवर बरोबर वाटणारी भरणी चढावर चुकीची ठरू शकते. चार चाकी, फिरत्या पुढच्या आसाच्या ट्रॉलीचे ओझे दांडीवर येत नाही, पण तिचे ढकलणे आणि खेचणे चुकत नाही.

अमेरिकेत लोक सुट्टीत आपल्या मोठ्या जीपगाडीमागे चाकांवरचे छोटे घर जोडून सहकुटुंब फिरायला जातात. आपल्या एका सभासदाचे चिरंजीव तिकडे नोकरीला आहेत. ते गावी आले असता त्यांनी सांगितले, की असे घर घेण्याआधी गाडीच्या पुस्तकात ती किती ओढू शकते आणि दांडीवर किती वजन सोसते हे पाहावे लागते. घराच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के ओझे दांडीवर यावे असा तिकडचा नेम आहे. काही लोक तर मालट्रकच्या काट्यावर जाऊन आपली जोडी तोलून घेतात. हे ऐकून आम्हाला वाईट वाटले. ते लोक मौजेसाठी जाताना एवढा हिशोब करतात. आपण त्याहून कितीतरी जड ओझे रात्री-बेरात्री रस्त्यावर आणतो, काटा आपल्या दारात आहे, आणि त्यावर आपण फक्त ऊस तोलतो.

ब्रेकचा हिशोब

"साहेब, आपला टॅक्टर पन्नासचा हाय, काय बी ओढतंय," असे आम्हाला नेहमी ऐकावे लागते. ते खरेच आहे. खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे सपाट रस्त्यावर ओढतो. परंतु अश्वशक्ती ओढायला कामी येते, थांबवायला नाही. थांबवतात ते ब्रेक, आणि ब्रेकला जोर मिळतो तो चाकाच्या जमिनीवरच्या पकडीतून. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. म्हणजे सगळा डोलारा दोन चाकांच्या पकडीवर थांबवायचा.

एक नमुना घेऊ. ट्रॅक्टर २.१ टनांचा. रिकामी ट्रॉली २ टन, तीत ऊस ९ टन, म्हणजे भरलेली ट्रॉली ११ टन. अशा दोन. सगळे मिळून २४ टनांच्या वर गेले. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर दांडीचे ओझे धरून साधारण २.१ टन वजन येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्यातून सव्वा टनाच्या आसपास ब्रेकची ओढ मिळते. त्याहून जास्त दाबले तर चाके घसरतात.

आता ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना समोर कोणी आडवे आले. एकटा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यावर सुमारे ७ मीटरमध्ये थांबेल. एक भरलेली ट्रॉली असेल तर सुमारे २५ मीटर लागतील. दोन असतील तर ४५ मीटर. आणि हे सपाट, कोरड्या रस्त्यावरचे, ब्रेक उत्तम असतानाचे. पाय ब्रेकवर जाईपर्यंत जे ६-७ मीटर जातात ते वेगळेच.

उतारावर तर विचारूच नका. वीस फुटांत एक फूट उतरणारा रस्ता डोळ्यांना फारसा तीव्र वाटत नाही. पण त्या उतारावर वजनाचा विसावा हिस्सा गाडीला खाली ओढतो. २४ टनांचा विसावा हिस्सा म्हणजे १.२ टन. ब्रेकची ओढ सव्वा टन. उरले काय? चाकांचा स्वतःचा थोडा अडथळा मदतीला येतो, एवढेच. रस्त्यावर उसाचे पाणी, चिखल किंवा पाचट पडलेले असेल तर तेही नाही. एकच ट्रॉली असेल तर उताराची ओढ जवळपास निम्मी होते, आणि ब्रेकला काही काम करता येते.

गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर आहेत, जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगा आहेत. तिकडून ऊस आणणाऱ्यांना हे सांगायला नको. पण आमचा अनुभव असा, की डोंगरातला माणूस जपून उतरतो. सपाटीवरचा माणूसच कालव्याच्या पुलावर फसतो.

काट्यावर जोडी कशी तोलावी

यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. आपला वजनकाटा पुरे. ट्रॉली नेहमीप्रमाणे भरलेली असावी.

पहिल्यांदा एकटा ट्रॅक्टर, ट्रॉली सोडून, काट्यावर उभा करून वजन घ्या. मग त्याची फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून वजन घ्या.

दुसऱ्यांदा भरलेली ट्रॉली जोडा आणि ट्रॅक्टरची चारही चाके काट्यावर, ट्रॉलीची चाके काट्याबाहेर, असे उभे करा. आता ट्रॅक्टरचे वजन जेवढे वाढलेले दिसेल तेवढे दांडीचे ओझे. वजन घटलेले दिसले तर ट्रॉली उलाळ आहे. ती तशीच रस्त्यावर नेऊ नका.

तिसऱ्यांदा, ट्रॉली जोडलेली असतानाच, फक्त पुढची चाके काट्यावर ठेवा. हे वजन ट्रॅक्टरच्या जोडलेल्या अवस्थेतील वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी नसावे. कमी असेल तर स्टेअरिंगचा भरवसा धरू नका.

मघाचाच ट्रॅक्टर घेऊ. एकट्याचे वजन २१०० किलो, त्यात पुढच्या चाकांवर ७८० किलो. दांडीवर ६०० किलो आले तर पुढची चाके हलकी होऊन तेथे सुमारे ५७० किलो उरतात. एकूण २७०० पैकी ५७० म्हणजे पाचव्या हिश्श्याच्या जरासे वर. सपाटीवर चालेल. पण भरणी पुढे सरकून दांडीवर ९०० किलो आले तर पुढे सुमारे ४६५ किलोच उरतात, तेही एकूण ३००० पैकी. हा ट्रॅक्टर पुलाच्या चढावर पुढची चाके उचलणार. उपाय दोनच : भरणी मागे-पुढे करून नीट करणे, किंवा ट्रॅक्टरच्या पुढे कंपनीने दिलेली लोखंडी वजने लावणे. वजने लावली म्हणून ट्रॉलीत आणखी दोन टन टाकायचे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाची जोडी वेगळी, म्हणून प्रत्येकाने आपली तोलून घ्यावी.

जोडण्याच्या आणि चालविण्याच्या गोष्टी

१. ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. ट्रॅक्टर अडकला की काही जण वरच्या लिंकच्या जागी साखळी बांधून ओढतात. मागच्या आसाच्या वर ओढ आली की ट्रॅक्टर पुढून उभा राहतो आणि चालकावर उलटतो. याला काही क्षणच लागतात.

२. पिन मूळ मापाची व न झिजलेली असावी, आणि तिला खालून खिट्टी असावी. सळईचा तुकडा किंवा मोठा बोल्ट म्हणजे पिन नव्हे. पिनेखेरीज दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत आणि पहिल्या ट्रॉलीपासून दुसरीपर्यंत मजबूत साखळी असलीच पाहिजे. पिन तुटली तरी साखळी ट्रॉलीला मोकाट सुटू देत नाही.

३. शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतात. रस्त्यावर येताच दोन्ही पेडल पट्टीने एकत्र अडकवावेत. नाहीतर घाईत एकच ब्रेक दाबला जातो, ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि ट्रॉली त्याला आडवी येते.

४. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतार उतरा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून गाडी सोडणारे चालक आम्ही पाहिले आहेत. वाचते ते वाटीभर डिझेल. उतार लागण्याआधीच गिअर उतरवावा, मध्यावर क्लच दाबू नये.

५. ट्रॉलीचा मागचा लाल दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्या पाचटाखाली झाकल्या जाऊ नयेत. ऊस बाजूने लोंबत असेल तर तो छाटून घ्यावा. मोटारसायकलवाल्याला रात्री ट्रॉली दिसते, लोंबणारा ऊस दिसत नाही.

६. पंक्चर झाल्यावर चाकाला लावलेले दगड निघताना उचलून रस्त्याबाहेर टाकावेत. आपण जातो, दगड राहतो, आणि मागून येणारा कोणीतरी त्यावर आदळतो. तो आपल्याच गावचा असतो.

७. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय दुसऱ्याला जागा नाही. मडगार्डवर, दांडीवर किंवा उसाच्या थरावर तोडणी मजुरांना, त्यांच्या लेकराबाळांना बसवू नये. टोळीच्या मुकादमाशी बोलून त्यांची जाण्याची वेगळी सोय करावी.

८. गाण्यांचा आवाज एवढा मोठा नको, की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येणार नाही. दुसरी ट्रॉली सुटून मागे राहिली तरी चालकाला पत्ता नसतो, असेही घडते.

"खेपा कमी होतील, मग परवडंल कसं?"

हा प्रश्न रास्त आहे. ट्रॅक्टरवर कर्ज असते, टनावर पैसे मिळतात, आणि हंगामाचे दिवस मोजके. आम्ही त्याकडे डोळेझाक करत नाही. पण हिशोब पुरता करावा. जादा भरलेल्या खेपेमागे क्लच प्लेट, टायर, बेअरिंग आणि डिझेल किती गेले हे कोणी वहीत लिहीत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तीनुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल आपल्या खर्चाने उतरवून द्यावा लागतो. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपासून वेगळा असतो. तो नसेल तर अपघातानंतर भरपाईसाठी घरची शेती विकायची वेळ येते.

आणि वाहतुकीचा खर्च शेवटी ऊसदरातूनच वजा होतो. म्हणजे वाहनवाला आणि ऊसवाला हे दोन पक्ष नाहीत. बहुतेक घरांत ते बाप-लेक आहेत.

तरीही आमच्या विभागाकडे दोष येतोच. फडात ऊस तुटून पडला आणि वाहन आले नाही, की सभासद आमच्याकडे येतात, आणि आम्ही वाहनवाल्याला "थोडं जास्त भरा, आजचा दिवस निभावून न्या" असे सांगतो. हे आम्ही सांगितले आहे, नाकारत नाही. यापुढे आमच्या गटातील कोणीही असे सांगणार नाही. कोणी सांगितल्यास सभासदांनी आम्हास कळवावे.

यंदाची व्यवस्था

या हंगामापासून वाहतूक कराराच्या अर्जात तीन रकाने वाढविले आहेत : ट्रॅक्टरचे वजन, ट्रॉलीचे भरलेले वजन आणि दांडीचे ओझे. ट्रॅक्टर लहान असेल तर एकाच ट्रॉलीची शिफारस होईल. दोन ट्रॉल्यांसाठी आग्रह धरणाऱ्यांची जोडी आधी काट्यावर तोलली जाईल. दसऱ्यापासून बॉयलर पेटेपर्यंत रोज सकाळी ८ ते ११ या वेळेत आपला वजनकाटा यासाठी मोकळा राहील. गळीत सुरू झाले नसल्याने भरणीसाठी ऊस नसेल, तेव्हा तेवढ्याच वजनाची माती, वाळू किंवा खताची पोती भरून आणली तरी चालेल. शुल्क नाही. वर्कशॉपचे एक फिटर त्या वेळी हजर राहून पिन, साखळी, ब्रेक आणि दिवे पाहतील.

पहिल्या दिवशी कोणाची जोडी तोलायची हे आम्ही ठरवून टाकले आहे. गिरणीवाल्या मुलाच्या धाकट्या भावाने यंदा ट्रॅक्टरचा करार मागितला आहे. तोच ट्रॅक्टर, दुरुस्त केलेला. अर्जात त्याने ट्रॉली एकच लिहिली आहे. आम्ही विचारले, दुसरी काय केली? तो म्हणाला, "दादानं इकायला लावली, साहेब."

सर्व सभासदांनी, विशेषतः वाहनधारकांनी, करार करण्यापूर्वी आपली जोडी काट्यावर आणावी ही नम्र विनंती. येणारा गळीत हंगाम आपणा सर्वांस सुखाचा जावो, आणि निघालेले प्रत्येक वाहन रिकामे का होईना, पण घरी परत येवो.

– ऊस विकास अधिकारी